वाडा तोच, नियम वेगळे

काकांनी घंगाळाची चौकशी केली तेव्हा माझा पारा चढला होता.

घंगाळ खरं नव्हतं, वाडाही खरा नव्हता. कोकणातला पडका खोताचा वाडा, ऐन जुलैतला पाऊस, साकव वाहून गेलेला, चार माणसं रात्रीपुरती आत अडकलेली, आणि मागलदारी विहिरीच्या काठावर पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी. आठवडाभर लोकांची जीएसटी रिटर्न्स भरता भरता हे सगळं मी रविवारच्या एका खेळासाठी मनात रचलं होतं. खरं होतं ते डोंबिवलीतलं आमचं जेवणाचं टेबल, त्यावर फासे, आणि भोवती चौघं: इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा, त्याच्या वर्गातली एक मुलगी, माझी शाळेपासूनची मैत्रीण (ती आता भूलतज्ज्ञ आहे) आणि समोरच्या फ्लॅटमधले काका. काका लोकलचे मोटरमन होते, निवृत्त होऊन सात वर्षं झाली.

मी आवाज खाली आणून म्हातारीचं वर्णन करत होते. तिच्या पायाखालचं शेवाळ, निथळणारा पदर, वगैरे. काका म्हणाले, "ते राहू दे गं. न्हाणीघरातलं घंगाळ तांब्याचं का पितळेचं?"

पुढचे दोन तास त्या चौघांनी वाडा विकायला काढला. घंगाळ, समया, झोपाळ्याच्या पितळी कड्या. शेवटी भाच्यानं माजघराचं दार बिजागऱ्यांसकट काढायचा प्रस्ताव मांडला. "मावशी, सागवानी आहे ना?" म्हातारी विहिरीवर बसून राहिली. तिच्याशी कुणी अवाक्षर बोललं नाही.

रात्री कप विसळताना माझ्या डोक्यात उजेड पडला. खेळ सुरू करताना मीच सांगितलं होतं की वाड्यातून जेवढ्या रुपयांचा माल बाहेर न्याल तेवढे अनुभवाचे गुण. म्हातारीच्या अंगावर गुंजभर सोनं नव्हतं. मी जे करायला सांगितलं तेच ही माणसं इमानेइतबारे करत होती.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: एक जण गेम मास्टर, तो जग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि "मी दार ढकलते", "मी पळतो" असं बोलत जातात. जिथे काय होईल ते नक्की नसतं तिथे नियम आणि फासे निकाल देतात. पट लागतोच असं नाही. भाच्याच्या भाषेत आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम, काकांच्या भाषेत "तुमचं ते नाटक".

नियम खेळणाऱ्याचं काय करतात हे पाहायचा मला सापडलेला सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे गोष्ट तीच ठेवायची आणि नियम बदलायचे. मी तोच वाडा त्याच चौघांबरोबर पुन्हा पुन्हा खेळले. त्यांना सरळ सांगितलं की वाडा तोच आहे, फक्त खोल्यांची मांडणी आणि पेटीतली वस्तू बदलेन. कुणाची तक्रार नव्हती. तुम्हीही करून बघा. काय काय बघायचं ते खाली लिहिते.

आधी गुणांचं पान उघडा

नियमांचं पुस्तक हातात आलं की सगळे आधी राक्षसांची चित्रं बघतात. मीही बघायचे. आता आधी अनुभवाचे गुण कशाला मिळतात ते पान काढते.

डंजन्स अँड ड्रॅगन्सचंच घ्या. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला. त्याच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये सोन्याचं एक नाणं सुखरूप बाहेर आणलं की एक गुण मिळायचा. १९८१ च्या बेसिक संचात लढवय्याला दुसऱ्या लेव्हलला जायला २००० गुण लागतात, आणि एक ऑर्क (राक्षसांची एक जात) मारल्याचे मिळतात १०. म्हणजे एकट्यानं २०० ऑर्क कापा, नाहीतर ऑर्क झोपलेले असताना २००० नाण्यांची पेटी मागच्या दारानं लांबवा. त्यात पहिल्या लेव्हलच्या लढवय्याचे प्राण आठ बाजूंच्या एका फाशावर जेवढे पडतील तेवढे, एक-दोन घावांत खलास. शहाणा माणूस काय करेल? तो लढाई टाळेल, दोर घेईल, पहारेकऱ्याला लाच देईल, दहा फुटांच्या काठीनं पुढची फरशी ठोकून बघेल. त्या संचाच्या सामानाच्या यादीत दहा फुटांची काठी खरंच आहे.

आता २०१४ ची पाचवी आवृत्ती बघा. दुसऱ्या लेव्हलला ३०० गुण, एका ऑर्कचे १००. माणशी तीन ऑर्क झाले की काम फत्ते. नाण्यांचे गुण नाहीत. खेळाचं नाव तेच, पण इथे खेळाडू दाराला लाथ घालून आत शिरतात आणि नियमांकडे बघता ते अगदी बरोबर वागत असतात. याच आवृत्तीत दुसरी सोय आहे: गुण मोजायचेच नाहीत, गोष्टीचा एखादा टप्पा गाठला की गेम मास्टरनं लेव्हल द्यायची. पुष्कळ टेबलांवर हेच चालतं. त्यात हिशेबाची कटकट जाते, पण मग खेळाडू तुमच्या तोंडाकडे बघून टप्पा कुठे असेल ते हुंगायला लागतात. मला ते फारसं आवडत नाही. ज्यांना चालतं त्यांनी खुशाल करावं.

करायचं असं. दोन चिठ्ठ्या घ्या. एकीवर लिहा, "या खेळात अमुक केलं की फायदा होतो." दुसरीवर, "मला रविवारी टेबलावर अमुक बघायचंय." चिठ्ठ्या शेजारी ठेवा. माझ्या पहिल्या रविवारच्या चिठ्ठ्या ठेवल्या असत्या तर एकीवर "माल नेणे" आणि दुसरीवर "भीती" असं आलं असतं, आणि फजिती वाचली असती.

चिठ्ठ्या जुळत नसतील तर नियम बदला, किंवा नियम तसाच ठेवून गोष्टीचा थोडा कान पिळा. दुसरा उपाय स्वस्त पडतो. चांदीची ताटं कुठे पुरलीत हे फक्त त्या म्हातारीला ठाऊक आहे, एवढं एक वाक्य मी घातलं असतं तर काका तिच्यापुढे पाट मांडून बसले असते.

फाशाचा स्वभाव

वीस बाजूंच्या फाशाची प्रत्येक बाजू ५ टक्के. एक जितक्यांदा पडतो तितक्यांदाच दहा, तितक्यांदाच वीस. ऐकायला बरं वाटतं, पण टेबलावर याचा अर्थ असा की जाणकार माणूस सारखा तोंडावर पडतो.

आमच्याकडे घडलेलं सांगते. देवघराच्या फरशीखाली तळघराची झडप होती. मैत्रिणीचं पात्र सरकारी डॉक्टरीण, बारीक नजरेची, निरीक्षणाला अधिक ५, म्हणजे फाशावर पडेल त्यात पाच मिळवायचे. झडप दिसायला १५ हवेत. म्हणजे फाशावर १० किंवा वर, ५५ टक्के. तिला पडले सहा. लगेच बाकीचे तिघं म्हणाले, "मीपण बघतो." त्यांना अधिक शून्य, म्हणजे प्रत्येकी ३० टक्के. पण तिघांपैकी निदान एकाला जमण्याची शक्यता काढा: ०.७ गुणिले ०.७ गुणिले ०.७ म्हणजे ०.३४३, ते एकातून वजा, जवळपास ६६ टक्के. तीन अडाणी एका तज्ज्ञाला भारी. भाच्याला सतरा पडले. मैत्रीण माझ्याकडे वळली आणि सर्जनशी बोलताना ती जो आवाज लावते त्याच आवाजात म्हणाली, "मग माझ्या शिक्षणाचा उपयोग काय?"

काही नव्हता. तेव्हापासून आमच्याकडे एका प्रश्नाला टेबलावरून एकदाच फासा पडतो. अवघड कामाला ज्याच्याकडे ते कौशल्य आहे त्यानंच टाकायचा, बाकीचे मदत करतात. मदत म्हणजे दोन वीस-फासे टाकून मोठा आकडा धरायचा. ज्याला ११ हवेत त्याची शक्यता ५० वरून ७५ टक्क्यांवर जाते.

त्याआधी एका खेळात याच्या उलटं झालं होतं. चौघांचेही आकडे कमी पडले, तळघर सापडलंच नाही, आणि सगळी गोष्ट तळघरात होती. चाळीस मिनिटं लोक ओसरीवर घुटमळले. शेवटी मी लाज सोडून एक मांजर आणलं. मांजर फटीतून खाली गेलं. भाचा अजून मला त्या मांजरावरून चिडवतो. रॉबिन लॉज यांच्या गमशू पद्धतीच्या खेळांमध्ये हे दुखणं मुळातच काढून टाकलंय: योग्य कौशल्याचं पात्र योग्य जागी पोचलं आणि शोधलं की धागा मिळतोच, फासा टाकायचा नाही. फासा पुढे पळापळीला आणि मारामारीला. हा एक नियम उचलून कुठल्याही खेळात घाला, बिघडत काही नाही. ज्या फाशाचं अपयश तुम्हाला सहन होणार नाही तो फासा टाकायला सांगू नका.

दुसऱ्यांदा वाडा खेळलो तेव्हा वीस-फासा कपाटात ठेवला आणि साधे सहा बाजूंचे दोन काढले, सापशिडीतले. ही पद्धत बेकर दांपत्याच्या २०१० मधल्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळामुळे पसरली. दोन फाशांची बेरीज, त्यात पात्राचा अधिक-उणे आकडा. १० किंवा वर आले तर काम झालं. ६ किंवा खाली आले तर गेम मास्टरच्या मनात येईल ते संकट. ७ ते ९ आले तर काम होतं, पण. सगळी गंमत त्या "पण"मध्ये आहे. अधिक १ असलेल्या पात्राचा हिशेब केला तर ३६ पैकी १० वेळा पूर्ण यश, १० वेळा संकट आणि १६ वेळा "पण". म्हणजे हा खेळ सगळ्यात जास्त वेळ अर्धवट यशात राहतो.

काकांना हे लगेच पटलं. "म्हणजे पिवळा सिग्नल. जा, पण पुढे थांबायच्या तयारीनं." तेव्हापासून सातला आमच्याकडे पिवळा म्हणतात, आणि नऊ पडले की काका "डबल पिवळा" अशी घोषणा करतात.

वाड्यात काय फरक पडला? मैत्रिणीनं पेटी उघडली, आठ पडले. पेटी उघडली, पण झाकण असं करकरलं की वरच्या मजल्यावर कुणीतरी उठून बसलं. भाचा विहिरीतून दोर ओढायला गेला, सात. दोर आला, कंदील आत पडला. घंगाळाचं नाव कुणी काढलं नाही, कारण हात लावला की काहीतरी अंगाशी येत होतं आणि त्यातून पुढचं आपोआप सुचत होतं. पहिल्या रविवारी मला ढकलावी लागलेली गोष्ट या वेळी आपल्या पायांनी चालली.

याची किंमत गेम मास्टर मोजतो. दर पाच मिनिटांनी एक "पण" काढायचा म्हणजे खायचं काम नाही. रात्री नऊला माझे "पण" संपले आणि मी लागोपाठ तीन पायऱ्या मोडल्या. तिसऱ्या पायरीला काका म्हणाले, "खोतानं सुताराला पैसे दिले नव्हते काय गं?" तुम्ही ही चूक करू नका. आधीच दहा "पण" कागदावर लिहून ठेवा आणि वापरला की खोडा. मी आता लिहिते ते या जातीचे: रॉकेल संपत आलं, हवी ती वस्तू मिळाली पण भिजलेली, कुणीतरी तुझं लहानपणीचं नाव घेऊन हाक मारली, तू सुटलास पण दार पलीकडून लागलं.

मेलेल्या गड्याचं काय

हिट पॉइंट, म्हणजे पात्राच्या प्राणांचा आकडा, ही भानगड काकांना आधी कळतच नव्हती. कबड्डीवरून कळली.

कबड्डीचे जुने तीन प्रकार जाणत्यांना आठवत असतील. संजीवनीत आपला गडी बाद झाला तरी समोरचा बाद केला की तो उठून परत येतो. आज टीव्हीवर दिसते ती हीच. गामिनीत बाद झालेला बाहेरच बसतो, अख्खा संघ बाद होईपर्यंत. अमरमध्ये बाद झालेला मैदान सोडतच नाही, फक्त समोरच्याच्या खात्यावर गुण चढतो. मैदान तेच, दम तोच, फक्त बाद झाल्यावर काय एवढाच नियम वेगळा. पण गामिनीतला शेवटचा गडी आणि अमरमधला गडी एकसारखी चढाई करतील का?

पाचव्या आवृत्तीचं डंजन्स अँड ड्रॅगन्स ही संजीवनी. प्राण शून्यावर आले की आपल्या पाळीला वीस-फासा टाकायचा, १० किंवा वर आले तर एक खूण जगण्याची, खाली आले तर एक मरणाची, ज्याच्या तीन आधी भरतील तो निकाल. वीस पडले तर उठून उभा, एक पडला तर मरणाच्या दोन खुणा. आणि सोबत्यानं मध्येच बरं करायचा मंत्र टाकला की सगळं पुसलं जातं. म्हणून तिथे भाचा बेधडक उड्या मारतो. मारू दे, त्यासाठीच तो नियम आहे. फक्त त्या नियमावर भुताची गोष्ट लावून माणसं घाबरत नाहीत म्हणून रुसू नका.

अमरच्या जवळ जाणारा म्हणजे जॉन हार्पर यांचा २०१७ मधला ब्लेड्स इन द डार्क. चोरांच्या टोळीचा खेळ. इथे ताणाची नऊ घरं असतात. ती भरली की पात्र त्या प्रसंगातून बाहेर पडतं आणि कायमचा एक व्रण घेऊन परत येतं. चौथ्या व्रणाला धंद्यातून निवृत्ती. जखमांनी मरणही येतं, पण खरा हिशेब ताणाचा. त्या ताणाच्या बदल्यात एक फार सुंदर गोष्ट विकत मिळते: ऐन चोरीत "मी काल रात्रीच या रखवालदाराला पैसे चारून ठेवले होते" असं म्हणून मागचा प्रसंग घालता येतो. चोरीच्या आधी दीड तास नकाशावर बोटं फिरवत बसणारी मंडळी तुमच्याकडे असतील तर या एका नियमानं ती पंधराव्या मिनिटाला भिंतीवर चढलेली दिसतील.

आणि गामिनी म्हणजे ड्रेड हा खेळ. फासे नाहीत. जेंगाचा मनोरा, ५४ ठोकळे, तिनाचे १८ थर. अवघड काही करायचं असेल तर एक ठोकळा काढून वर ठेवायचा. जमलं तर काम जमलं. नको असेल तर काढू नका, मग काम फसतं पण तुम्ही जिवंत. मनोरा ज्याच्या हातून कोसळेल त्याचं पात्र गेलं. पाहिजे तर मुद्दाम ढकलून द्यायचा, मग पात्र मरतं पण हातातलं काम करून मरतं.

तिसऱ्यांदा वाडा यावर खेळलो. त्या रात्री टेबलावर कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. भाचा कोपरं टेबलाला न लावता हवेत धरून बसला होता. त्याची मैत्रीण दोनदा "मी नाही काढत, पाय घसरला समजा" म्हणाली आणि दोन्ही वेळा जिन्यावरून खाली आली. काकांची पाळी आली. सबंध नोकरी डेडमॅन हँडल (हात सुटला की गाडी थांबते तो दांडा) दाबून धरण्यात गेलेला तो हात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खालून चौथ्या थरातला मधला ठोकळा करंगळीच्या नखानं अर्धा सूत सरकवला, थांबले, श्वास सोडला, पुन्हा अर्धा सूत. ठोकळा बाहेर आला तेव्हा मनोरा लोणच्याच्या बरणीकडे झुकला आणि तसाच राहिला. विहिरीवरच्या म्हातारीबद्दल मी त्या सबंध वेळात एक शब्दही बोलले नव्हते. सगळे तरीही विहिरीलाच घाबरले होते.

मग माझी मैत्रीण काढायला लागली आणि स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झाली.

ड्रेड खेळणार असाल तर कुकर आधी उतरवा. टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घडी केलेला पुठ्ठा सारा. आणि बाद झालेल्या माणसाला काम द्या, नाहीतर तो मोबाइल काढतो. मी मैत्रिणीला पाऊस दिला. उरलेला पाऊण तास तिनं स्टीलच्या ताटावर बोटांनी पाऊस पाडला, आणि कमी-जास्त कधी करायचा हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. अनेक बैठका चालणाऱ्या लांबलचक गोष्टीला, म्हणजे कॅम्पेनला, मात्र हा नियम नको. एका रात्रीपुरताच.

कागद झाका

पाचव्या आवृत्तीच्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, १८ कौशल्यांची यादी असते. पहिल्या रविवारी बंद दारासमोर काका ती यादी बोटानं वरून खाली वाचत गेले आणि म्हणाले, "यात दार उघडणं नाहीये." ड्रेडमध्ये अशी यादी नसते, प्रश्नावलीची उत्तरं लिहून पात्र बनतं. तेच काका, तेच दार, आणि त्यांनी विचारलं, "कडी आतून आहे का बाहेरून? बिजागऱ्या कुठल्या बाजूला?" हॉटेलात मेनूकार्ड हातात दिलं की माणूस त्यातलंच मागतो. घरी विचारा काय खाणार, तर थालीपीठ आठवतं.

म्हणून पहिला अर्धा तास शीट पालथी ठेवायला सांगा. खेळाडूनं काय करतोय ते साध्या मराठीत बोलायचं, कुठला आकडा लागेल ते तुम्ही सांगायचं. एक मात्र आहे. भाच्याची मैत्रीण अबोल. ती पहिल्यांदा तोंड उघडून बोलली ती तिच्या शीटवर "फसवणूक, अधिक ४" लिहिलं होतं म्हणून. तिनं रखवालदाराला आपण खोताची नात असल्याचं सांगितलं आणि स्वतःच दचकली. यादी कुणाला कुंपण असते, कुणाला काठी. तिची शीट मी पालथी घालत नाही.

लढाईतल्या पाळ्यांचंही असंच. प्रत्येकाची वेगळी पाळी लावली, चार खेळाडू आणि मी, माणशी तीन मिनिटं धरा, तर एकदा खेळून झाल्यावर बारा मिनिटं बसून राहायचं. काका तेवढ्यात तुळशीला पाणी घालून यायचे. १९८१ च्या संचात दोन्ही बाजूंनी एकेक साधा फासा टाकायचा आणि जिंकेल ती अख्खी बाजू आधी. तसं केल्यावर चौघं आपापसात कुजबुजायला लागले, कोण दार धरेल, कोण कंदील. तुळस त्या दिवशी सुकली.

घरचा नियम घालताना

मी हौसेनं घातलेला एक नियम सांगते, म्हणजे तुम्ही घालणार नाही. फाशावर एक पडला की हत्यार मोडलं. मजा येईल वाटलं होतं. भाच्याचा लढवय्या तेव्हा अकराव्या लेव्हलला होता. पाचव्या आवृत्तीत त्या लेव्हलला एका पाळीत तीन वार मिळतात. एका वाराला एक पडायची शक्यता ५ टक्के, तिनांत निदान एकदा पडायची १४ टक्क्यांच्या वर. पहिल्या लेव्हलचा नवशिका एकच वार करतो, त्याचे ५. म्हणजे माणूस जितका निष्णात, तितक्या जास्त तलवारी मोडतो. तीन आठवड्यांत त्यानं चार मोडल्या. आकडेमोड हा माझा पोटापाण्याचा धंदा आणि हे मला आधी दिसलं नाही, त्यानं कागदावर मांडून दाखवलं. "मावशी, ऑडिट कर ना जरा."

केलं. आता नवीन नियम सुचला की आधी विचारते, हा कुणाच्या वाट्याला जास्त वेळा येणार? ज्याच्या वाट्याला येईल त्याला शिक्षा मिळते का बक्षीस? मग एका वेळी एकच बदल, निदान दोन सेशन, आणि सुरू करायच्या आधी सगळ्यांना सांगून. खेळताना मध्येच नियम बदलला तर मोठी माणसंसुद्धा पत्ते टाकून उठतात. वहीत मी तीनच गोष्टी लिहिते: कोण किती वेळ नुसतं बसलं, लोकांनी मला कुठले प्रश्न विचारले, आणि कुठल्या नियमाला कुणी हातच लावला नाही. प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे. "घंगाळ कशाचं आहे" आणि "कडी कुठून आहे" हे दोन प्रश्न वहीत समोरासमोर आहेत.

चौथ्यांदा वाडा खेळलो तो गणपतीनंतरच्या रविवारी, पुन्हा दोन साध्या फाशांवर. २०१२ च्या डंजन वर्ल्ड या खेळात सेशन संपताना सगळ्यांना तीन प्रश्न विचारतात: जगाबद्दल महत्त्वाचं काही नवं कळलं का, तोलामोलाच्या शत्रूवर मात केली का, लक्षात राहील असा खजिना लुटला का. प्रत्येक होकाराला सगळ्यांना एकेक गुण. मी पहिले दोन तसेच ठेवले. तिसऱ्याच्या जागी लिहिलं, "ज्याच्याकडून काही मिळणार नाही अशा कुणाशी बोललो का?" तिन्ही प्रश्न मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फाशांच्या शेजारी ठेवले.

काकांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वीस मिनिटांनी त्यांचं पात्र छत्री घेऊन मागलदारी गेलं आणि विहिरीच्या काठावर, जरा अंतर ठेवून, बसलं.

"आजी, कधीच्या बसलायत पावसात? जेवलात का?"

चौघंही माझ्याकडे बघायला लागले. मी वही उलटली. वाड्यातल्या प्रत्येक खोलीला, पेटीला, झडपेला अर्धं अर्धं पान होतं. म्हातारीच्या नावापुढे जून महिन्यापासून तीन शब्द होते: विहीर, पांढरं, भीतीदायक.

"पाच मिनिटं थांबू या," मी म्हटलं. "चहा टाकते."